छोटीची खिरापत

दाराशी चपला काढायच्या, त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायच्या, उंबऱ्यावर उभं राहून नाक जरासं वर करायचं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच जाहीर करायचं, "आज झुणका. हमें पता है।"

आणि झुणकाच असायचा. शेजारच्या काकूंकडे वांगी शिजताहेत की दोडके, हेही ती आमच्याच उंबऱ्यावरून सांगायची. "हमें पता है" हे तिचं पालुपद होतं. कोणाचा मिक्सर बिघडलाय, कोणाचे पाहुणे गुरुवारी येणार, कोणत्या काकूंनी नवऱ्याशी अबोला धरलाय, सगळं तिला पता असायचं. तुम्हीही अशी एखादी पोर पाहिली असेल. पाहिली नसेल तर तुमचं लक्ष नव्हतं, एवढंच.

आमची जबलपूरची कॉलनी फॅक्टरीच्या नोकरदारांची. बाबा फॅक्टरीत होते. मराठी घरं मोजकीच, सगळी मूळची नागपूर-अमरावतीकडची. ही पोर आमच्याकडे आणि आसपासच्या चार घरांत कामाला होती. कामाला खरी होती तिची आई. मझौलीकडच्या एका गावातून ती माणसं शहरात आली होती. धाकट्या बाळाच्या वेळी आईची कंबर धरली ती धरलीच. "चार दिवस पोरगी येईल," म्हणून तिने लेकीला पाठवलं, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. आधी ती शाळा सुटल्यावर यायची. मग शाळेच्या आधी आणि नंतर. मग शाळेऐवजी.

तिला सगळे 'छोटी' म्हणत. मी पाचवीत होते आणि ती माझ्याहून काही महिन्यांनी मोठी होती. तरी मला ती 'दीदी' म्हणायची.

मला तिचा हेवा वाटायचा. दया नाही, हेवा. दया यायला वेळ लागतो आणि मला वेळ कुठे होता? मला गणिताचा गृहपाठ होता, तिला नव्हता. मला बसच्या वेळेला अर्धी पोळी कोंबून पळावं लागे आणि ती ओट्याशी उभी राहून आईशी निवांत बोलत कणीक तिंबायची. आईची जुनी ओढणी ती कमरेला करकचून बांधायची आणि तिच्या टोकाला काकूमंडळींच्या घरांच्या किल्ल्या. मला स्वतःच्या घराची किल्ली कोणी देत नव्हतं. "तू हरवशील," आई म्हणे. आणि हिच्या कमरेला अख्खी कॉलनी लटकलेली!

त्याहून मोठं दुखणं निराळंच होतं. ती आईशी मराठी बोलायची. मी मराठी घरातली मुलगी, पण शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. आईने मराठीत विचारलं तर माझं उत्तर हिंदीत निघे. आणि ही मझौलीची पोर, "काकू, पोळ्या करून राहिली मी, तुम्ही बसा ना," असं ठसक्यात बोले. आईचा चेहरा असा काही खुले की मला तिथून उठून जावंसं वाटे.

"बघ, बघ," आई मला म्हणे. "परक्याची पोर कशी बोलून राहिली. तुला काहून येत नाही?"

"आता है मुझे," मी म्हणायची. हिंदीतच.

ती तेव्हा हसायची नाही. परातीत बघत राहायची. तिने हसायला हवं होतं, म्हणजे मला रीतसर भांडता आलं असतं.

कॉलनीतल्या काकू वाईट नव्हत्या. प्रत्येकीला मनापासून वाटे की छोटीने शिकावं. फक्त शाळेची वेळ आणि आपल्या घरच्या भांड्यांची वेळ एक येऊ नये, इतकंच. दुसरीच्या घरचं काम सोडून हिने शाळेत जावं, याबद्दल कॉलनीत एकमत होतं.

त्या जुलैत माझी आई पुढे सरसावली. छोटीच्या आईकडे जाऊन भांडून आली. "माझ्या पोळ्या मी करीन," म्हणाली. छोटीला शाळेत पाठवायचं ठरलं आणि माझं जुनं दप्तर तिला द्यायचं ठरलं. निळं, पट्टा तुटलेलं, माळ्यावर पडलेलं दप्तर. मला ते नकोच होतं. पण ती ते पाठीला लावून आमच्या आरशासमोर उभी राहिली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, तेव्हा मला ते एकदम हवंसं झालं. मी रडले. आईने मला दटावलं आणि बाबांनी पट्टा शिवून आणला.

शाळेत ज्या वर्गातून ती सुटली होती त्याच वर्गात तिला बसवलं. बरोबरची मुलं पुढे निघून गेली होती. आता आजूबाजूला सगळी लहानगी, आणि मधे ही, उंच, हाताला साबणाने पडलेल्या चिरा. पहिल्या दिवशी एका पोराचं नाक वाहत होतं, ते हिने सवयीने पुसलं. झालं. वर्ग तिला 'आंटी' म्हणायला लागला. बाईंना कळलं की ही छान झाडते, तर वर्गाचा झाडूही हिच्याच हातात आला.

एके सकाळी शाळेच्या वेळेला ती आमच्या उंबऱ्यावर उभी. दप्तर धुऊन, वाळवून, घडी घालून आणलेलं.

"काहून गं?" आईने विचारलं.

"काकू, तिथं आम्ही मोठे दिसतो." ती स्वतःला 'आम्ही' म्हणायची, तिच्या हिंदीतल्या 'हम'सारखं. "इथं छोटी म्हणता, तिथं आंटी म्हणतात."

आईने परात सरकवून तिला जागा करून दिली. दप्तर पुन्हा माळ्यावर गेलं. मला ते परत मिळालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

शाळा गेली ती गेली, पण तिला संध्याकाळ हवी होती. संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे आम्ही मुली खेळायचो. ती दोन घरांच्या मधल्या वेळात तिथे येऊन उभी राहायची. "एक डाव," म्हणायची. लंगडीत ती कोणालाही धरायची, पण धरता धरताच एखाद्या गॅलरीतून हाक यायची, "छोटी!" आणि ती एका पायावर होती तशी दुसरा पाय टेकून निघून जायची. डाव अर्धवट राही. मुली वैतागत. "इसको मत लो," शेजारची रश्मी म्हणे. रश्मी आमची पुढारी होती.

तिला आमच्यात बोलायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. आम्ही एकमेकींना चिडवायचो, तर ही येऊन विचारायची, "अभ्यास झाला का सगळ्यांचा?" काकूंसारखं. दिवसभर काकूंमध्ये राहून राहून तिचं बोलणंच काकूंचं झालं होतं.

एकदा मी तिच्याशी कट्टी केली. कारण आठवत नाही. आईचंच काहीतरी असणार. करंगळी दाखवून कट्टी म्हटलं आणि ऐटीत घरी आले. दुसऱ्या दिवशी कट्टीतल्या माणसाने तोंड फिरवायचं असतं, हे तुम्हाला-मला माहीत आहे. ती नेहमीच्या वेळेला आली, चपला भिंतीकडे केल्या, "आज मुगाची डाळ," म्हणाली आणि फरशी पुसत पुसत माझ्या खुर्चीपाशी पोचली.

"दीदी, पाय वर."

मी पाय वर घेतले. कट्टी तिथेच मोडली. तिला कट्टी परवडण्यासारखी नव्हती हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, काय कोडगी आहे.

त्याच सुमारास शाळेत भाषणस्पर्धा होती. मला विषय आला बालमजुरी. मी बैठकीच्या खोलीत हातवारे करत पाठ करत होते आणि ती सोफ्याखालून केर काढत होती. ऐकता ऐकता थांबली.

"दीदी, ये किनकी बात है?"

"बाल मजदूर."

"वो कौन होते हैं?"

"अरे, वो जो होटल में काम करते हैं। फटाके की फैक्टरी में। छोटे-छोटे बच्चे। स्कूल नहीं जा पाते।"

"अच्छा," ती म्हणाली. जरा विचार केला. "बिचारे." आणि सोफ्याखाली वाकली.

मला बक्षीस मिळालं. ते तिने सगळ्या काकूंना सांगितलं, माझ्याआधी.

आता खरी गोष्ट. पुण्याकडे जो भोंडला, ती आमच्याकडे भुलाबाई. आमच्या कॉलनीत कोजागिरीच्या आधीचे आठ-दहा दिवस भुलाबाई असायची. रोज एका घरी जायचं, मातीच्या भुलाबाईपुढे टाळ्या-टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरच्या बाईने खाऊ डब्यात झाकून ठेवलेला असतो. ती डबा वाजवते, मुली आवाजावरून ओळखतात. गोड की तिखट, एवढं विचारायची मुभा. ज्या घरची खिरापत त्या घरच्या मुलीने गप्प बसायचं, कारण तिला ठाऊक असतं.

छोटीला भुलाबाईत यायचं होतं. त्या दिवसांत संध्याकाळची भांडी ती विजेच्या वेगाने घासायची. गाणी तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होती, कारण आई तिला पोळ्या लाटताना शिकवायची. मला शिकवायला आईला वेळ मिळाला नव्हता, किंवा मला ऐकायला. पण रश्मीने तिला पहिल्याच दिवशी अडवलं.

"तू नहीं। तेरेको सबके घर का पता रहता है।"

खोटं नव्हतं. ज्या घरी जायचं तिथले लाडू तिनेच दुपारी वळलेले असत. प्रत्येक घरची खिरापत तिच्या हाताखालून गेलेली.

छोटी म्हणाली, "हम गलत बोलेंगे ना। पक्का."

आणि ती शब्दाला जागली. गाणी खड्या आवाजात म्हणायची, आणि डबा वाजला की सर्वांच्या आधी ओरडायची, "साबण!"

मुली हसून हसून लोळत. दुसऱ्या दिवशी, "खिळे!" तिसऱ्या दिवशी, "काकांची कवळी!" चार दिवसांत ती भुलाबाईची जान झाली. रश्मी तिचा हात धरून फिरायला लागली. मी चरफडत होते. मी खरंखुरं ओळखायची, चकली, शंकरपाळे, बरोबर ओळखायची, आणि टाळ्या मात्र साबणाला!

पाचव्या दिवशी रश्मीकडे माझी आई पायऱ्यांवर बसून बघत होती. डब्यात बेसनाचे लाडू होते. छोटीच्या नखांत बेसन अजून दिसत होतं. डबा वाजला आणि छोटी ओरडली, "भांड्याचा साबण!" सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी खिरापत आमच्याकडे होती. सकाळी छोटी उंबऱ्यावर आली, नाक वर केलं आणि थांबली.

"काकू, आज काहीच नाही?"

"काही नाही," आई म्हणाली.

"मुली येणार ना संध्याकाळी. शिरा करू का? रवा आहे, हमें पता है।"

"राहू दे."

ती दिवसभर बेचैन होती. दुपारी मी शाळेतून आले तर मलाच बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, काकूंची तबियत बरी आहे ना?"

आईची अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. आमच्या स्वयंपाकघरात असं काहीच करता येत नव्हतं जे छोटीला कळणार नाही. कढई लावली असती तरी ती घासणार छोटीच. म्हणून आईने खिरापत विकत आणायचं ठरवलं. आणि ते मला माहीत होतं! आदल्या रात्रीच बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मीच सदर बाजारात गेले होते. खोव्याची जलेबी घेतली, काळपट, जाडजूड, पाकात मुरलेली. आल्यावर ती पितळी डब्यात भरून आईने कपाटात बाबांच्या स्वेटरांमागे लपवली. तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे, असं घरात पहिल्यांदाच घडत होतं. मी दुपारभर हवेत होते.

संध्याकाळी मुली आल्या. गाणी झाली. आईने कपाट उघडलं तेव्हा छोटीची नजर डब्यावर गेली, तिथून स्वयंपाकघराकडे आणि पुन्हा डब्यावर. आईने डबा हलवला. आवाज आला नाही. नुसतं काहीतरी जड आत सरकलं.

मुली सवयीने छोटीकडे बघायला लागल्या. साबण येईल म्हणून. साबण आला नाही.

"अजून एकदा वाजवा, काकू," ती म्हणाली.

आईने वाजवला.

"गोड की तिखट?" हे तिने आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"गोड."

"गुलाबजाम." नाही. "अनरसा. नाही, अनरसा वाजला असता. पेढा?" नाही. "काकू, तुम्ही केलंच नाही काही. कढई कोरडी होती." ती पुढे आली, आईच्या हातातला डबा घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. बाकीच्या मुली ओरडत होत्या, बर्फी, कलाकंद, खरवस. हिचं लक्ष नव्हतं. भुवया एकत्र आल्या होत्या, ओठ किंचित उघडे होते. मग तिने डोळे उघडले आणि आईकडे बघून जवळजवळ किंचाळली,

"नाही माहीत! काकू, आम्हाला नाहीच माहीत!"

इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. हरल्याबद्दल इतकं खूश झालेलं कोणीच मी पाहिलेलं नाही. ती जागच्या जागी उड्या मारत होती. रश्मीला गदागदा हलवून सांगत होती, "हमें नहीं पता!" त्या वेळी ती बरोबर आमच्या वयाची दिसत होती.

मी आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत होती. माझा सगळा आनंद तिथेच ओसरला. मला ठाऊक होतं म्हणून काय झालं? आईने गुपित माझ्यासाठी केलं नव्हतं. माझ्यासाठी आईने असा कुठलाच डबा स्वेटरांमागे लपवला नव्हता, कारण मला लपवावं लागेल इतकं काही ठाऊकच नसे.

"हरलो म्हणा," आई म्हणाली.

"नाही, काकू, उघडू नका. अजून थोडा वेळ."

शेवटी रश्मीनेच हरलो म्हटलं. झाकण निघालं. रश्मीच्या आईने नाक मुरडलं. "विकतची? भुलाबाईला विकतचं चालते काय?"

"चालते," आई म्हणाली, आणि पहिली जलेबी छोटीच्या हातावर ठेवली.

दिवाळी झाली आणि छोटी गेली. तिच्या आईने तिला कोणाच्या तरी ओळखीने दूरच्या शहरात एका घरी बाळ सांभाळायला ठेवलं. "खाना-कपड़ा सब वहीं," ती माझ्या आईला सांगत होती. आई पुष्कळ बोलली, चिडली, शाळेचं पुन्हा काढलं. छोटीची आई कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि निघून गेली. छोटी किल्ल्या परत करायला आली तेव्हा मी शाळेत होते. मग ती माणसंही पनागरकडे राहायला गेली, असं कोणीतरी सांगितलं. पुढे काही कळलं नाही.

आता भुलाबाई मंडळाच्या हॉलमध्ये एका रविवारी उरकते. मुली मोबाइलवर बघून गाणी म्हणतात. आई गुडघे सांभाळत जाते, तोच पितळी डबा नेते, आणि वाजवायच्या आधी दरवर्षी सांगते, "आमच्याकडे एक पोरगी होती..." सगळी गोष्ट सांगते. उंबरा, कोरडी कढई, नाही माहीत. गोष्टीत सदरची जलेबी असते, बाबांची स्कूटर असते. मी नसते.

मागच्या वर्षी मी न राहवून म्हटलं, मराठीत म्हटलं, "आई, मीपण होते ना तिथं."

"तू तर होतीसच," आई म्हणाली आणि डबा वाजवला.

मला अजूनही झोंबतं. या वयात झोंबू नये, पण झोंबतं.

म्हणून त्या जलेबीच्या संध्याकाळचं एक मी आईला सांगितलेलं नाही. मुली गेल्यावर छोटी भांडी घासायला बसली. आईने "राहू दे आज" म्हटलं, तर म्हणाली, "उद्याही आम्हालाच घासायची आहेत." आई बाहेर काकूंशी बोलत उभी राहिली. मी पाणी प्यायला आत गेले. छोटीने तो पितळी डबा धुतला, ओढणीने कोरडा केला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या कानाशी धरून हलवला.

"दीदी, ओळख."

"रिकामा आहे," मी म्हटलं.

"हमें पता है। तरी ओळख ना."

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच वाट बघत होती.

"साबण," मी म्हणाले.

ती अशी हसली, अशी हसली, की ओल्या मोरीत मटकन खाली बसली. मीही बसले. दोघींच्या फ्रॉकना पाणी लागलं. बाहेरून हाक आली, "छोटी!" आणि ती उठली, डबा फळीवर पालथा घातला आणि गेली.

आईजवळ तिच्या पुष्कळ गोष्टी आहेत. ही एक माझी आहे.